डाव्या कानातला सा

माझ्याकडं मुलाला गाण्याला घालायला येणारे आईवडील पहिल्यांदा गळ्याचं विचारतात. "बाई, आवाज हाय काय हिला?" मी म्हणते, आवाजाचं पुढं बघू, थोडे दिवस नुसतं येऊन बसू दे. त्या दिवसांत मी त्या मुलाच्या गळ्याकडं खरंच फारसं बघत नाही. दुसऱ्याची पाळी चालू असताना ते काय करतं, दुसऱ्याची तान चांगली गेली की त्याचा चेहरा कसा होतो, स्वतः चुकलं की आधी कुणाकडं बघतं, हे बघते. गळा घासून येतो. बाकीच्या गोष्टी घरातून येतात, नाहीतर येत नाहीत.

निपाणीत हायवेपासून आत, तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. पुढची खोली वर्गाची. हंगामात वखारींतून खकाणा उडतो, ती बारीक तिखट धूळ खिडकी लावली तरी आत येते आणि नवीन मुलं शिंकून शिंकून बेजार होतात. जुनी शिंकत नाहीत. अर्धी मुलं कन्नड शाळेची, अर्धी मराठी. अभंग दोघंही म्हणतात, कन्नड भजनंही दोघं म्हणतात, आणि चुकल्यावर मी कुठल्या भाषेत रागावते हे माझं मलाच कळत नाही.

ज्या दिवसांचं मी सांगते आहे त्या दिवसांत दोन मुलींचा मला फार अभिमान होता. आजही आहे, पण तेव्हाचं कारण वेगळं होतं. एक धाकटी, दहावीतली, जैन तंबाखू व्यापाऱ्याची लेक. असा गळा माझ्या वर्गात दुसरा आला नाही. मी काही सांगितलं की तिचं ते त्या क्षणी व्हायचं, दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. इतका गळा असून वर्गात मागं बसायची आणि बारक्या मुलांच्या चपला नीट लावून ठेवायची. कुणी पाहुणा आला की मी तिला पुढं बोलवायचे.

दुसरी सदलग्याची. शेतकऱ्याघरची, इथल्या कॉलेजात शिकणारी. वर्ग आटोपून शेवटच्या गाडीनं घरी जायची. गळा बेताचा, जरा जाडसर. पण तिला खोटं बोलता यायचं नाही. एकदा एका पालकानं कौतुकानं विचारलं, "तू पण मोठी गायिका होणार व्हय?" तर ती म्हणाली, "न्हाय काका, माझा आवाज तेवढा न्हाय. मला ऐकायला लई आवडतं." घरी कन्नड जास्त, त्यामुळं तिचं मराठी तिच्याच धाटणीचं. "मी सांगितलो, मी ऐकलो" असं म्हणायची. मी ते कधी सुधारलं नाही.

सुरुवात कशी झाली ते मला नीट सांगता येत नाही. पावसाळा संपताना सर्दी झाली होती. सर्दी गेली आणि डाव्या कानात काहीतरी राहिलं. बंद खोलीत फ्रिज चालू असावा तसा आवाज. मी लक्ष दिलं नाही. टीव्हीचा आवाज मी वाढवते म्हणून नवरा कुरकुरायला लागला, तेही मी हसण्यावारी नेलं.

मग तानपुरा मिळेना. जोडीच्या दोन तारा एकमेकींत मिसळल्या की एकच तार वाजते असं वाटतं, आणि तेवढ्यासाठी मी रोज सकाळी बसते. त्या दिवशी त्या मिसळेनात. खुंटी पिळली, मणी सरकवले. दोन्ही तारा जागेवर होत्या, तरी त्यांच्या अंगाला एक तिसरा सूर चिकटून येत होता, अगदी जवळचा आणि घाण. मी तारा बदलल्या. तरी तोच प्रकार. तानपुरा मिरजेला कारागिराकडं पाठवला, तारांखालची घोडी घासून जवारी करून परत आला, तरी तो सूर होताच. घोडीत दोष असेल, भोपळ्याला चीर गेली असेल, असं मी मनाशी ठरवत गेले. शेवटी तानपुरा खोळीत घालून कोपऱ्यात उभा केला आणि इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा बॉक्स काढला. माझी बसायची जागा भिंतीशी. भिंतीवरचा स्विच माझ्या डाव्या हाताला होता म्हणून बॉक्स डावीकडं ठेवला. मुलं उजवीकडं, खिडकीच्या बाजूला बसायची.

त्यानंतर वर्गाचा सूर उतरायला लागला.

आधी बारक्या मुलांचा. मी म्हटलं, चालायचंच. मग मोठ्यांचा. मग एकेक करून सगळ्यांचा. कुणीही सा लावला की मला तो जागेखाली ऐकू यायचा. "चढव. अजून जरा. हां, आता आलं." दिवसभर माझं हेच चाललेलं. सगळ्या वर्गाचा सूर एकदम कसा उतरेल, हा प्रश्न मला पडला होता. पण मी त्याची उत्तरं शोधली ती मुलांमध्ये. खकाणा आहे. परीक्षा आहेत. रात्री मोबाईल बघत जागतात. एका दुपारी मी खिडक्यांना ओली चादर लावून वर्ग घेतला. मुलं घामानं निथळली आणि सूर तिथंच.

वर्ग हळूहळू गप्प होत गेला, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पूर्वी चपला घालताना पोरं शिकलेलं गुणगुणत जायची, जिन्यात एकमेकांवर ताना मारायची. ते थांबलं. आता ती सरळ घरी जायची. सा लावताना आधी माझ्या तोंडाकडं बघायची. मी भुवई उचलली की चढवायची, मान हलवली की थांबायची. दोन पोरं यायची बंद झाली. एकाची आई बाजारात भेटली, ती म्हणाली, "ट्यूशन वाढल्यात बाई," आणि भाजीची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

धाकटी मात्र पहिल्याच इशाऱ्याला चढवायची. "बघा," मी बाकीच्यांना म्हणायचे, "असं ऐकायचं असतं."

एक दिवस सदलग्याचीची पाळी आली. तिनं सा लावला. मी म्हटलं, "उतरलाय. चढव."

तिनं पुन्हा लावला. तोच.

"चढव म्हटलं मी."

ती थांबली. बॉक्सकडं बघितलं, मग माझ्याकडं. "न्हाय बाई. हितंच हाय."

मला आठवतं ते हे की एकाही मुलानं तिच्याकडं आश्चर्यानं बघितलं नाही. सगळी खाली बघत होती.

"तू मला सांगणार सूर कुठं आहे ते?"

"तसं न्हाय बाई. पर मी वर गेलो तर ते खोटं होईल. मला खोटं गायला येत न्हाय."

मी तिला बाजूला बसून ऐकायला सांगितलं. ती बसली. रुसली नाही, रडली नाही. वर्ग संपेपर्यंत ऐकत होती, आणि सूर ऐकण्यापेक्षा मला बघत होती. मुलं गेल्यावर सतरंजी गुंडाळायला थांबली. गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "बाई, एक विचारू काय? तुमी फोन आता उजव्या कानाला का लावता?"

"मग कुठल्या लावू?"

"आधी डाव्याला लावायचा. उजव्या हातात पेन धरून बोलायचा बघा."

मी काहीतरी उत्तर दिलं. ती गेल्यावर मी खिडकी उघडली. वखारीतून गाडी भरल्याचे आवाज येत होते आणि ते सगळे एकाच बाजूनं येत होते.

पुढच्या आठवड्यात बेळगावला शहापुरात धाकटीचं गाणं ठरलं होतं. तिथल्या एका मंडळाची छोटीशी सभा, पण जाणती माणसं येतात. तिच्या वडिलांनी पाहुण्यांना निरोप धाडले होते. सदलग्याची तानपुऱ्यावर बसणार होती. हे मी आधीच सांगितलेलं होतं आणि आता बदलायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

दोन दिवसांनी दुपारी सदलग्याचीनं मला व्हॉट्सअपवर एक व्हिडिओ पाठवला. वर्गाचा होता. आदल्या दिवशी सगळी मिळून भजन म्हणत होती तेव्हा काढलेला. खाली एवढंच: "बाई, रागावू नका. इअरफोन लावून ऐका."

नवऱ्याचे इअरफोन घेतले. त्यातली एकच बाजू चालत होती, ती उजव्या कानात घातली. बॉक्सचा सा लागला. मग मुलं गायला लागली. सगळा वर्ग चढा गात होता. एखादं मूल चुकतं तसं नव्हे. सगळी एकाच अंतरानं, एकदिलानं, सुराच्या वर गात होती. अशी एकसारखी चूक मी आयुष्यात ऐकली नव्हती. आणि मधेच माझा स्वतःचा आवाज, समाधानानं भरलेला: "वा. आता कसं बसलं."

रेकॉर्डिंग खराब असेल म्हणून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग, का कुणास ठाऊक, मी ते इअरफोनचं बोंडूक काढून डाव्या कानात घातलं. तोच व्हिडिओ, तोच बॉक्स, तोच पहिला सेकंद. पण आता सा दुसराच होता. वरचा. त्याच्या कडा फाटलेल्या. मी उजव्या कानात घातलं, सा खाली आला. डाव्यात घातलं, वर गेला. असं किती वेळा केलं ते आठवत नाही. दुधाची पिशवी द्यायला आलेली बाई दारात उभी होती, तिनं दोनदा हाक मारली तरी मला कळलं नव्हतं.

बॉक्स डावीकडं, मुलं उजवीकडं. बिघडलेल्या कानानं मी बॉक्स ऐकत होते आणि चांगल्या कानानं मुलांना. आणि इतके दिवस त्या मुलांना ओढून ओढून माझ्या बिघाडाला जुळवत होते.

दुसऱ्याच दिवशी बेळगावला कानाच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. उजव्या कानाचं मी पटापट दाबत गेले. डाव्याचं चालू झाल्यावर मी बटणावर बोट ठेवून वाट बघत राहिले. काचेपलीकडची मुलगी माझ्याकडं बघत होती, तिच्या हाताची हालचाल चालू होती, आणि माझ्या कानात काहीच नव्हतं.

डॉक्टर भले होते. कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या डाव्या बाजूच्या मेल्या आहेत, म्हणून ऐकू कमी येतं आणि जे येतं ते वेगळ्या सुरात येतं, असं त्यांनी सांगितलं. लगेच आले असते तर औषधानं प्रयत्न करता आला असता, आता आशा कमी. गोळ्या दिल्या.

"आणि उजवा?" मी विचारलं.

"आत्ता चांगला आहे." त्यांनी कागद पालथा घातला. "पण लक्ष ठेवू. काही वेगळं वाटलं तर थांबू नका."

संध्याकाळी दोघी मुलींना बोलावून घेतलं. बॉक्स उजवीकडं ठेवला, डाव्या कानात कापूस घातला आणि जे झालं ते सांगितलं. सदलग्याचीनं मान हलवली. तिला नवीन काही नव्हतं. धाकटी मात्र माझ्याकडं न बघता सतरंजीचा दोरा ओढत बसली. मग हळूच म्हणाली, "बाई, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सूर वर जातोय ते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग गात का होतीस तसं?"

तिनं वर बघितलं. तिला हा प्रश्नच कळला नसावा असा चेहरा होता. "तुम्ही सांगितलं म्हणून. आणि नाही म्हटलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मला त्या क्षणी तिची भीती वाटली. खरं सांगायचं तर डॉक्टरांच्या काचेच्या खोलीत वाटली नव्हती एवढी. एवढा शुद्ध कान, आणि तो तिनं माझ्यापुढं मुकाट्यानं ठेवून दिला होता. इतके दिवस मी वर्गाला हिच्याकडं बोट दाखवून सांगत होते की असं ऐकायचं असतं.

"सा लाव," मी म्हटलं.

तिनं लावला. सदलग्याचीचा चेहरा पडला. उजव्या कानानं मलाही कळलं. चढा होता. ती मुद्दाम करत नव्हती. तिनं पुन्हा लावला, पुन्हा तिथंच गेला, आणि या वेळी तिला स्वतःला ते ऐकू आलं. "जात नाही बाई," ती म्हणाली. "आपोआप वर जातंय."

पुढचे दिवस आम्ही तिघी फक्त सा लावत बसलो. राग नाही, ताना नाहीत. कधी बसायचा, कधी सुटायचा. कार्यक्रम रद्द करावा म्हणून मी तिच्या वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, पावणे सगळे यायलेत. तुम्ही असल्यावर काय काळजी?" काळजी नेमकी तीच होती. ती मुलगी गाताना माझ्याकडं बघायची. माझ्या भुवईकडं.

सभेच्या दिवशी वेळेत पोचलो. हॉल भरला होता. पहिल्या रांगेत शुभ्र कपड्यातले काही म्हातारे, त्यांच्यामागं तिचे नातेवाईक. मला पुढची खुर्ची दिली होती. मी तिला आत नेऊन सांगितलं, "आज मी तुला दिसणार नाही. मी कुठं बसले ते शोधू नको. तानपुरा ऐक." तिनं "हो बाई" म्हटलं. ते "हो" ऐकून मला बरं वाटलं नाही. मी हॉलच्या मागं, खांबाच्या आडोशाला उभी राहिले आणि डाव्या कानात बोट घातलं.

यमन होता. तिनं डोळे मिटले, सा लावला, आणि तो चढा लागला.

फार नाही. बऱ्याच लोकांना कळलंही नसेल. पण पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मान वर केली. तबलजीनं तिच्याकडं बघितलं. तिनं डोळे उघडले आणि ती माझी खुर्ची शोधू लागली. खुर्ची रिकामी होती. तिची नजर रांगारांगांवरून फिरत मागं यायला लागली. मी खांबाला चिकटून उभी. बाहेर आले असते तरी मी तिला काय सांगणार होते?

सदलग्याचीनं काही केलं नाही. खूण नाही, कुजबुज नाही. खाली बघून एका लयीत तारा छेडत राहिली. फक्त तानपुरा धाकटीच्या कानाजवळ थोडा कलला.

आणि मग धाकटी थांबली. भरल्या सभेत, वडिलांच्या पाहुण्यांसमोर, गाणं सुरू करून थांबली. सभा चुळबुळली. तिच्या वडिलांनी मागं वळून बघितलं. ती नुसती बसून तानपुरा ऐकत होती. मला वाटलं, संपलं. हिनं आता उठून जाऊ नये एवढंच. बऱ्याच वेळानं तिनं माइकजवळ तोंड नेलं आणि साध्या आवाजात म्हणाली, "माझा सूर चुकला. परत लावते."

परत लावलेला सा जागेवर होता.

पुढचं गाणं बरं झालं. फार रंगलं नाही, तानांत ती बिचकत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या म्हाताऱ्यांपैकी एकजण बाहेर मला म्हणाले, "मुलीचा गळा सुरेख आहे." मी मान डोलावली. गळ्याबद्दल मला त्या दिवशी काही वाटत नव्हतं. थांबता येणं हे मी तिला शिकवलं नव्हतं, शिकवायचं असतं हेही मला माहीत नव्हतं. परतीच्या गाडीत ती सदलग्याचीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती.

वर्ग अजून चालू आहे. पालकांना बोलावून मी सगळं सांगितलं. काहींनी मुलं काढली, बरीच राहिली. गेलेल्यांपैकी एक परत आलं. डाव्या कानात कापूस घालून मी शिकवते. वर्गाआधी तानपुरा सदलग्याची लावते, शंका आली की तिला विचारते. सगळ्या मुलांकडून एक कबूल करून घेतलं आहे: माझा सूर हलला की त्याच क्षणी सांगायचं, मी रागावले तरी. बारकी मुलं या गोष्टीची वाटच बघत असतात. उगाच "बाई, हलला" म्हणतात आणि हसतात. मी हसू देते. धाकटीनं कबूल करायला वेळ लावला. मी तिला मोठ्यानं म्हणायला लावलं तेव्हा म्हणाली.

परवा वर्गात मी पंचम लावून दाखवत होते. मुलं माझ्या मागोमाग लावत होती. धाकटी गप्प झाली.

"काय गं?"

"काही नाही."

सदलग्याची त्या दिवशी आली नव्हती. मी पुन्हा पंचम लावला. धाकटीचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. बारक्या मुलांपैकी कुणी हसलं नाही.

"बाई," ती म्हणाली. तिनं माझ्याकडं बघूनच सांगितलं. "तुमचा पंचम चढला. कालपण चढला होता."

मी बॉक्स जवळ ओढला, डाव्या कानातला कापूस आणखी आत सारला, आणि उजव्या कानानं नीट ऐकत पंचम लावला. मला तो जागेवर ऐकू आला. मी तिच्याकडं बघितलं. तिनं मान हलवली. नाही.

"बरं केलंस सांगितलंस," मी म्हटलं, आणि तिलाच लावायला सांगितला. तिनं लावला. मुलांनी तिच्यामागोमाग लावला. मला तिचा पंचम उतरलेला ऐकू येत होता. मी "चढव" म्हटलं नाही.

उद्या सकाळच्या गाडीनं बेळगावला डॉक्टरांकडं जायचं आहे. दोघीही बरोबर येतो म्हणाल्या आहेत.